हातचा

नुकुआलोफाच्या सांख्यिकी कचेरीत
पंखा लावला की कागदांवर दगड ठेवावे लागतात.
माझ्याकडे चार दगड आहेत, आणि प्रवाळाचा एक तुकडा.
त्यांच्याखाली दोन देश.

डावीकडे आम्ही, टोंगा.
उजवीकडे सामोआ.
मधे पट्टीने ओढलेली उभी रेघ;
तिथे खरं तर समुद्र आहे, बोटीने दोन दिवसांचा.

साहेब म्हणाले, तुलना कर, लोसालिने.
कोण काय मागवतं, किती, दरडोई.
म्हणून मांडत बसलेय:
पीठ. डिझेल. सिमेंट. कोंबडीच्या गोठवलेल्या तंगड्या.
मेंढीच्या पोटाकडचं चरबीचं मांस,
जे पाठवणाऱ्यांच्या घरी कुणी ताटात घेत नाही.
डबाबंद बांगडा:
चहूकडे पाणीच पाणी, आणि मासा येतो
शिक्का मारून, कर भरून.
नारळाचं दूधसुद्धा.
त्या ओळीशी मी जरा थांबते.
खिडकीबाहेर माड उभे असतात.
नजर मीच चुकवते.

छत्र्यांत आम्ही पुढे. साबणात ते.
शवपेटीच्या बिजागऱ्या
दर हजारी जवळपास सारख्याच.
आणि "एकमेकांकडून" असा एक रकाना आहे,
त्यात दोघांनीही आडवी रेघ मारली आहे.

आपियाला माझ्यासारखीच एकजण बसते, फुआतिनो.
तिच्या कागदावर आम्ही उजवीकडे.
पूर्वी आमच्यात एका तारखेचं अंतर होतं,
माझा सोमवारचा फोन तिच्या रविवारी वाजायचा,
प्रार्थनेच्या वेळी.
त्यांनी तारीख बदलली. आता आम्ही
एकाच दिवशी चुकतो.

मंगळवारी तिने विचारलं,
शाळेचे बूट किती धरलेस?
काळे, मुलांचे, नऊशे साठ जोड.
मीही तेवढेच, ती म्हणाली.
मग आम्ही बोटीचं नाव जुळवलं,
मग कंटेनरचा नंबर, एकेक अंक वाचत,
लहान मुलं पाढे म्हणतात तसा.
एकच होता.

जायचा होता तिकडे, उतरला इथे.
क्रेनवर त्या दिवशी मोसेसे होता,
रात्रभर मामाच्या मयतीला जागलेला.
बूट आमच्या दुकानांत संपलेही.
कागदावर मात्र दोन्ही बेटांवरची मुलं
लेस बांधून रांगेत उभी.

ही ओळ खोडायची कुणी?
नियमाने तिने.
तिने खोडली, मला पेन्सिल ऐकू आली.
मग सहज म्हणाली, तक्रार म्हणून नाही,
तरीच आमची सिना यंदा सपाता घालून जातेय.

बेरीज मी पुन्हा केली. ताळा जमला.
त्यांचा आकडा उतरला, आमचा तसाच राहिला,
दरडोई आम्ही थोडे वर सरकलो.
साहेब खूश होतील की नाही, सांगता येत नाही;
वर असणं चांगलं की वाईट
हे त्या तक्त्यात कुठेच लिहिलेलं नाही.

लहानपणी बाई सांगायच्या,
हातचा उत्तरात मांडायचा नसतो, फक्त विसरायचा नसतो.

फोन ठेवण्याआधी मी विचारलं,
सिनाचा नंबर काय?
तीन, ती म्हणाली. पण पाय वाढतोय.

शुक्रवारच्या बोटीवर ओळखीचा खलाशी आहे.
समासात, सगळ्या रकान्यांच्या बाहेर,
मी तीन लिहिला.
खोडला.
चार लिहिला.