पाणी कुणाचं

नाझनीननं दोन रकाने आखले
बी.कॉम.च्या वहीत, मागच्या पानावर.
डावीकडं जुनं यंत्र, इचलकरंजीच्या एका पोरानं
लग्न ठरलं म्हणून नऊ हजारांत विकलेलं.
उजवीकडं नवं, अजून घेतलेलं नाही,
फोनवर नुसतं गोल गोल फिरतंय.

मी मोटारी भरतो उद्यमनगरात, तीस वर्षं झाली.
म्हणाली, अब्बा, तुम्ही आवाज ऐकून सांगा.
जुनं लावलं पोटमाळ्यावर
आणि अख्खी गल्ली चरकात घातल्यासारखी ओरडली.
बेअरिंग ठीक आहे, म्हटलं. पंखाच तसला आहे.
शेजारच्या कदमवहिनींनी भिंतीवर लाटणं बडवलं.
त्यांचं मांजर मात्र राहायलाच आलं,
यंत्राच्या पाठीमागच्या ऊन वाऱ्यात.

जुनं : दिवसाला एकतीस युनिट, तीनशे दहा रुपये.
हाती अठ्ठावन्न.
नवं : अठ्ठ्याहत्तर युनिट, लाइन वेगळी ओढायची,
बिल साडेआठशे, हाती चारशे तीस.
रुपयाला पन्नास पैसे तरी परत देतंय की,
म्हणजे नवं चांगलं, मी म्हणालो.
चांगलंच, ती म्हणाली,
पोहत पोहत बुडतंय.

हे गणित माझ्या वडिलांना तोंडपाठ होतं.
गुजरीत शटर वर जायच्या आत
दस्तगीर झारेकरी खराटा घेऊन उकिडवे बसलेले.
पायरीची सांद, गटारीचं तोंड,
कारागिराच्या बैठकीची झटकण.
सगळं विकत. व्हय, कचरासुद्धा विकत,
दुकानागणिक भाव वेगळा.
पॉलिशवाल्याची धूळ महाग, ओवणाऱ्याची स्वस्त,
आणि एका शेटची फुकट,
कारण तो आधी स्वतःच चाळून घ्यायचा.

मग घमेली पंचगंगेवर.
धू, निथळ, धू.
पाऱ्यात गोळा होईल ते गुंजेत मोजायचं.
पाण्यानं त्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या होत्या.
पुढं रेशनच्या दुकानात अंगठा लावला
तर मशीन म्हणायचं, हा माणूस नाही.

लहानपणी एकदा विचारलं होतं,
परात कुठली बरी, लाकडाची का पत्र्याची?
म्हणाले, परातीचं काय विचारतोस,
पाणी कुणाचं ते विचार.
नदी बिल धाडत नाही
म्हणून आपली चूल पेटते.

हे सांगितलं तशी नाझनीनचं पेन थांबलं.
तिनं दोन्ही रकान्यांवरून आडवी रेघ मारली
आणि खाली लिहिलं : पाणी.
मग बराच वेळ फोनमध्ये शोधत होती,
कुठल्या देशात, कुठल्या धरणाच्या पायथ्याशी
वीज नुसती सांडून जाते.
तिथं हेच जुनं यंत्र शेट झालं असतं.
आमच्या पोटमाळ्यावर ते पाहुणा,
आणि जेवायला लई.

ते बंद केलं. नवं घेतलं नाही.
उरलेल्या पैशातनं तिनं काडेपेटीएवढं एक आणलं,
पंधरा वॅटचं. लागलं तर सगळं,
नाही तर काहीच नाही.
ही लॉटरी झाली की गं?
तिकीट रोज घ्यावं लागतं अब्बा, हे एकदाच.
आता ते दुकानात असतं, वार्निशच्या डब्याशेजारी,
एक निळा ठिपका मिचकावत.
त्याला काय सापडत असेल ते त्यालाच ठाऊक.

संध्याकाळी झाडून घेतो.
तारेची कुसळं, जळक्या वार्निशचे खपले.
सुपात धरून दिव्याखाली नेतो, बोटानं पसरतो,
आणि मग टाकतो. कधी नाही टाकत.
कामाला असलेला संदेश विचारतो, काय हरवलं काय, चाचा?

परवा थंडी पडली.
कदमवहिनी भिंतीपलीकडून म्हणाल्या,
अहो, ते परत कधी लावणार?
मांजर जिन्यात बसून असतंय.