मधलं घर

जिल्ह्यातली सगळी घरं एका ओळीत उभी करा,
देशकर साहेब नव्या पोरांना सांगायचे,
सगळ्यात कमी कमाईचं तिकडे भिवापूरच्या टोकाला,
सगळ्यात जास्तीचं इथे सिव्हिल लाइन्सच्या फाटकाशी.
मग दोन्हीकडून एकेक घर खाली बसवत या.
शेवटी जे एकटं उभं राहील
त्याची कमाई म्हणजे मध्यक.
सरासरी नव्हे.
सरासरीला एक कोळशाचा ठेकेदार पुरतो,
तो आला की अख्खी गल्ली श्रीमंत.
मधल्या घराला त्याचं काही नाही.
ठेकेदार कितीही फुगला तरी ओळीत
एकाच घराची जागा अडवतो.

मी ती ओळ कधी पाहिली नाही.
मी पाहिली कुत्री, जिने, कुलपं.
कुहीत अकरा घरं आली वाट्याला, त्यातली चार बंद.
सात घरांवर तालुका तोलत नाही,
म्हणून उमरेडकडून थोडं उसनं घ्यायचं, मौद्याकडून थोडं,
थोडं मागच्या फेरीचं,
विरजणाला वाटीभर शेजारून आणावं तसं.
आणि खाली बारीक अक्षरात लिहायचं,
इतकं इकडे होऊ शकतं, इतकं तिकडे.
त्या बारीक अक्षरांत माझी एकवीस वर्षं नोकरी झाली.

तांडापेठेत द्रुपदाबाई पराते.
दोन हजार सहाची फेरी. घर एक, माणसं सात, माग दोन,
मोठा कळमन्याला काट्यावर, धाकटा हिंगण्याला कंपनीत.
महिन्याची कमाई?
"कोणत्या महिन्याची जी? पितृपक्षाची का लगनसराईची?"
रकान्यात चौकोन एकच होता.
मी बारा महिने विचारले,
तिने बोटांच्या पेरांवर मोजून दिले,
मधे एकदा चहा झाला.
नमुन्यात हे घर मधल्यापासून तिसरं.

व्याख्या मला झोपेतही पाठ आहे:
एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब.

चौदा साली गेले तर दार तेच,
पिवळा रंग आणखी उडालेला.
आत दोन गॅस.
मधोमध गोदरेजचं कपाट आडवं लावलेलं,
त्याची पाठ धाकट्याकडे.
मोठ्याचा पगार वाढला होता, धाकट्याचाही,
महागाई वजा केली तरी वाढलाच होता.
पण एका कागदाऐवजी मी दोन भरले
आणि दोन्ही घरं मधल्याच्या खाली गेली.
कोणी कमी कमावलं नव्हतं.

"मले कोणाच्या कागदात लिवता?"
द्रुपदाबाई दारातच बसली होती.
"सकाळचं मोठ्याकडे, रातचं धाकट्याकडे.
एकादशीले कोणाकडेच नाही."
नियम आहे त्यालाही:
गेल्या तीस दिवसांत जास्त जेवणं जिथे, तिथे नाव.
तिने पुन्हा पेरं मोजली.
दोन्हीकडे सारखीच भरली.
मी पेन उघडं धरून बसले.
पोराची बायको आतून म्हणाली, लिहा आमच्यातच,
आणि पलीकडच्या गॅसवर कोणीतरी
भांडं जरा जोरात ठेवलं.

अहवालात त्या वर्षी जिल्ह्याची रेघ किंचित वाकली.
साहेबांनी विचारलं, इथं काय झालं?
नमुन्याची चूक असेल, म्हटलं.
कपाट, असं कसं सांगणार.

मार्चमध्ये निवृत्त झाले.
परवा एक पोरगा आला, टॅब घेऊन, घामाघूम,
चुलीला आता तो किचन म्हणतो.
किती माणसं? एक.
पेन्शन किती? सांगितली, पैशांपर्यंत.
आणखी काही उत्पन्न?
वरच्या खोलीत भाडेकरू आहे, मिहानला कामाला जातो,
पहिल्या तारखेला पाकीट देतो.
एकवीस वर्षं मी लोकांच्या डोळ्यांत पाहून
हेच पाकीट शोधत होते.
"नाही," म्हणाले.
का ते मला अजून कळलं नाही.
त्याने बोट टॅबवर टेकवून क्षणभर वाट पाहिली,
अगदी मी पाहायचे तशी,
आणि पुढे सरकवलं.

ओळीत कुठेतरी एक घर
पाऊलभर मागे गेलं असेल.

पाणी विचारलं त्याला.
नको म्हणाला,
मानेवाड्यापर्यंत अजून नऊ घरं आहेत.