कपडे वाळेपर्यंत

हॅलिफॅक्समध्ये नोव्हेंबरात काही वाळत नाही.
टॉवेल नाही, भिंत नाही, माणूसही नाही.
म्हणून गुरुवारी संध्याकाळी मी आणि विदुला
उतारावरच्या लाँड्रेटमध्ये,
एकाच ड्रायरात दोघींचे कपडे,
नाणी अर्धी अर्धी.

"रविवारी तू नक्की काय करतेस गं तिथे?"
तिनं विचारलं, फिरत्या काचेकडे बघत.
"अकरा म्हातारी माणसं आणि तू."

मी घसा साफ केला.
वडील जालन्याकडे पाळक होते;
त्यांचा आवाज माझ्या गळ्यात अजून
इस्त्रीच्या सदऱ्यासारखा टांगलेला आहे.
तोच अंगात घालून म्हणाले, "तारण..."

"तारण?" विदुला दचकली.
"आमचं घर आहे की तारण.
पंचवीस वर्षांसाठी. बँकेकडे.
मुकुलची नोकरी गेल्यापासून दोन हप्ते थकलेत."

मी गप्प झाले.
शब्द तोच. तिच्याकडे तो पाकिटातून येतो,
लाल अक्षरांत.
माझ्याकडे आला होता नाताळच्या आदल्या रात्री,
करंज्यांच्या वासासकट.

मग 'कृपा' म्हणून पाहिलं.
ती म्हणाली, "'कृपया रांगेत उभे राहा' मधली?"
'पश्चात्ताप' तर मी बाहेर काढलाच नाही;
तो जोडाक्षरांनीच माणसाला दम देतो.

पलीकडे एक गृहस्थ कुत्र्याचं ब्लँकेट धूत होते.
कुत्रं काचेशी नाक लावून
गरगर फिरणारं आपलं अंथरूण बघत होतं.
त्याच्या तोंडावर जे होतं
त्यालाही माझ्याकडे शब्द नव्हता.

"बरं, ऐक. भाजीवाल्याशी बोलते
त्या मराठीत सांगते.
आई गेली तेव्हा मी मातीला गेले नाही.
तिकिटाला पैसे नव्हते, असं सगळ्यांना सांगितलं.
पैसे होते."

विदुलानं मान वळवली.
हे तिला ठाऊक नव्हतं.
कोणालाच नव्हतं.

"त्यानंतर मी त्याच्याशी अबोला धरला. दोन वर्षं.
जेवताना नाही, झोपताना नाही,
विमान हललं तेव्हासुद्धा नाही.
मग एका पहाटे, रात्रपाळी संपवून
बसथांब्यावर उभी होते.
हात खिशात. रस्त्यावर कोणी नाही.
आपोआप तोंडातून गेलं, 'थंडी आहे रे.'
आणि लगेच कळलं, मी कोणाला म्हणाले.
अबोला मी धरला होता, विदुला.
त्यानं धरलाच नव्हता."

"मग? तो काय म्हणाला?"

"काही नाही. बस आली."

"रोजचीच?"

"रोजचीच. वीस मिनिटं उशिरा."

ती हसली. मीही.
मग बराच वेळ नुसता ड्रायर,
आणि त्यात कुणाच्या तरी जीन्सचं बटण
टक, टक.

"मला नाही पटत हे सगळं," ती म्हणाली.
"माझा गणपती मला पुरतो."

"पुरू दे की. तू विचारलंस म्हणून."
हे म्हणताना वडिलांचा सदरा
मी कधीच काढून ठेवला होता.

चादर बाहेर काढली. गरम, जराशी दमट.
दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे.
ताणली, झटकली,
चालत तिच्यापर्यंत गेले, टोकं तिच्या हातात दिली,
खाली वाकून नवी कड उचलली, मागे सरले.
पुन्हा पुढे.
तिसऱ्या घडीला चेहरे जवळ आले
तेव्हा ती हळूच म्हणाली,

"रविवारी बोलशील ना त्याच्याशी,
तेव्हा आमच्या हप्त्यांचंही कानावर घाल.
आणि हे बघ, आत्ता बोललीस तसंच बोल.
जड काही वापरू नकोस.
त्यालाही वाटायचं, बँकेचं पत्र आलं."