सातवं घर

डॉक्टर तांबोळींनी पाठीवर
निळ्या पेनानं घरं आखली,
प्रत्येकात एकेक थेंब, वर चिकटपट्टी.
"दोन दिवस आंघोळ नाही. घामही नको."
एप्रिलात, पुण्यात, घाम नको!
मी हसले, तर पट्ट्या ताणल्या.

रात्री पालथी झोपले.
निकेल, क्रोमेट, राळ, अत्तर
आणि सातव्या घरात सोमलाचा क्षार.
पंखा दोनवर.

तेवीस वर्षं एरंडवण्यात
पोथ्या दुरुस्त करतेय. कसर झाडायची,
झिजल्या कडांना जपानी कागद लावायचा.
हातमोजे देतात. पण पान किती थकलंय
ते मोज्यातून कळत नाही, म्हणून काढते.
लेखनिक चुकला की त्या अक्षरावर
हरताळ फासायचा.
पिवळाजर्द, अजून कालचा वाटावा असा.
खाली काय होतं, कुणाला ठाऊक.
बोट फिरवून पाहिलंय मी,
कित्येकदा.

शनिवारी पट्ट्या निघाल्या.
डॉक्टरांनी दिवा जवळ ओढला, भिंग धरलं
आणि पाठ वाचू लागल्या
ओळीओळीनं, मी पोथी वाचते तशा.
मध्येच थांबल्या.
"सातवं घर. लाल, उठलेलं. दोन अधिक."

तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी खोडलेलं काहीतरी
माझ्या पाठीवर उमटलं होतं,
नेमकं मलाच न दिसणाऱ्या जागी,
आणि खाजत होतं.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.
त्या कागदावर टिपून घेत होत्या.
"मोजे घाला," म्हणाल्या.
"सोमवारी परत बघू."