भाग सातवा

हेडफोन चढवला की आधी ऐकू येतो माझाच श्वास,
मग माशी,
मग कुशावतीच्या पलीकडून मागे येणाऱ्या ट्रकची टुंई टुंई.
खाण बंद आहे म्हणाले होते.
वहीत लिहिते : सत्तेचाळिसाव्या सेकंदाला ट्रक. काढायचा.

जांभ्याच्या सड्यावर आम्ही तिघं.
डॉ. अर्सेनिया कुलासो गुडघ्यांवर,
पिशवीत ब्रश, पाणी, उकडलेली रताळी.
"ऊन तिरकं आहे तोवर बघून घ्या,
बाराला आलात तर नुसता दगड."
ऐकणाऱ्याला दगडसुद्धा दिसणार नाही, मी म्हणते.
त्या हसतात. (हसू ठेवायचं.)

मग त्या मला बैल सांगतात,
वशिंडापासून सुरू करून शेपटीशी सोडून देतात.
हरिण सांगतात, एक पाय झिजलेलं.
आणि मोठ्या वेटोळ्यापाशी येऊन त्यांचं बोलणं अडतं.
सात फेरे. तोंड एकच.

कुणी, कशानं, कधी :
माझे तीन प्रश्न, कागदावर आणलेले.
"कशानं ते सांगते. दगडानंच.
चरीचा तळ बघा, ठेचून ठेचून उतरलाय.
कधी म्हणाल तर"
आणि पुढं बावीस सेकंदं काही नाही.
पाणी. कुंभारकुकडा दोनदा.
त्यांचा गुडघा, कटकन.
"मला माहीत नाही. एकदा लिहिला होता आकडा.
तरुण होते."

बुदो वेळीप इतका वेळ माइकपासून लांब,
कोयती मांडीवर घेऊन बसलेले.
त्यांना विचारलं तर म्हणाले, "हांगा आमी भात सुकयताले.
गावात दुसरी सपाट जागा खंय?
राखणदाराची जागा म्हणून आई आधी विचारायची,
पसरूं मरे?
दगड कधी नको म्हणाला नाही."
पूर ओसरला की बोटभर गाळ,
तो काढायचं काम पोरांचं.

आवाजात वेटोळं कसं दाखवायचं ते सुचेना,
म्हणून मी माइक चरीला टेकवला
आणि बोट फिरवत निघाले बाहेरून आत.
खर्र. खर्र. तिसऱ्या फेऱ्यात चुकले, परत मागे.

आता मडगावात, रात्री दोनला,
खालच्या बेकरीत पिठाची परात सरकते आहे
आणि मला उजव्या कानात
दुसरंच एक बोट ऐकू येतंय.
जाड, नख तुटलेलं, न अडखळणारं.
ते आतून बाहेर येतंय.
त्या वेळी मी खाली बघत होते, मला दिसलंच नव्हतं.
चौथ्या फेऱ्यात आम्ही एकमेकांना ओलांडतो
आणि अर्सेनियाबाई अगदी हळू म्हणतात,
"बुदो, तुमी पळयनासतना?"
न बघता?

"गाळ काढून काढून," तो म्हणतो,
"बोटाला खबर आसा. म्हाका ना."

बावीस सेकंदं कापायला घेतली होती.
पडद्यावर ती सरळ रेघ, सपाट, सड्यासारखी.
मान तिरकी करून बघितलं
तर रेघेवर बारीक ओरखडे.
ठेवली.

ट्रक मात्र निघत नाही,
नदीच्याच आवाजात मुरून बसलाय,
त्याला खरवडायला गेलं की पाणीही सुटून येतं.
राहू दे.
पुढं कधी कुणी कान लावून विचारलं, हे कधीचं,
तर तेवढं तरी सांगता येईल.