बंद करणारा

उदगीरला आमच्या गल्लीत आठव्या दिवशी पाणी येतं.
मैनोद्दीनमामू लांब पाना खांद्यावर टाकून येतात,
खड्ड्यावरचा पत्रा सरकवतात,
साडेतीन फेरे उघडतात.
तेव्हा त्यांना कुणी शिव्या देत नाही.

शिव्या असतात बंद करताना.
"आत्ताच तर आलं की, बंद करायलाव कामून?"
मामू बोलत नाहीत.
खालच्या गल्लीला उरलं पाहिजे,
आणि जुना पाइप फुटला नाही पाहिजे.

इथे संभाजीनगरात, लेण्यांच्या डोंगराखाली,
रात्रीचे अडीच.
बर्फात चोवीस नळ्या, माणसांच्या टी-पेशी,
बारा निरोग्यांच्या, बारा सांधेवाताच्या.
एकोणिसावी आईची.
मला हे माहीत नसायला हवं.

पेशीच्या काठाला परकं काही टेकलं
की एक एन्झाइम शेजारच्या प्रथिनाला फॉस्फेट लावतं,
ते पुढच्याला, ते त्याच्या पुढच्याला,
संक्रांतीच्या हळदीकुंकवासारखं,
आणि आत निरोप पोचतो: उठा, मारा.
यावर जाडजूड पुस्तकं आहेत.

माझं एन्झाइम दुसरं.
ते लावलेलं पुसतं.
एवढंच.

पुसणं हा शब्द आमच्या घरात वाईट आहे.
सुंदराकाकूचं पुसलं तेव्हा मी दाराआड उभी होते.
म्हणून सेमिनारमध्ये मी अजून
"काढून टाकतं" म्हणते.
पण पुसलं नाही तर पेशी थांबत नाही,
मारायला परकं उरलं नाही की
घरातलंच धरते, बोटांचे पेर आधी.

फिल्मवर पट्टे उमटले.
निरोग्यांचे दोन मिनिटांना काळे, दहाला राखाडी,
अर्ध्या तासाला नुसती शंका.
एकोणिसावा: काळा. काळा. काळा.

वाटलं, एन्झाइमच कमी असणार.
नौशीननं तेही मोजून ठेवलं होतं.
पुरेसं आहे. सगळ्यांइतकंच.
फक्त काठापासून लांब, पेशीच्या मधोमध,
जिथे पुसण्यासारखं काहीच नाही.

मामू आलेत. खांद्यावर पाना आहे.
खड्ड्यावर कुणीतरी टेम्पो लावून गेलंय.

कुणी लावला, कसा हटवायचा,
हे पुढच्या अनुदानात लिहायचं.
मिळालं तर.

पाच वाजता फोन वाजला.
"पाणी आलंय गं. घागरी भरल्या, बॅरल भरलं.
तोटी बंद व्हईना. बोटं वळंनात."
मागे पाण्याचा आवाज,
फरशीवर, दारातून बाहेर.

"शेजारच्या पोराला हाक मार," म्हणाले,
आणि तो आवाज थांबेपर्यंत
फोन कानाला धरून उभी राहिले.