उप्पबाव

ओला कागद दगडावर अंथरून
आम्ही ब्रशने ठोकत गेलो, मी आणि फकीराप्पा कडेमनी,
देवळाच्या मागच्या अंगाला,
जिथं गावातली पोरं मोटारसायकली लावतात.
खानापूरहून पहिल्या बसने आलेलो.

तो वाचतो, मी उतरवून घेते.
त्याचं कन्नड हळेगन्नडात अडखळतं,
माझं मराठी त्याच्या कन्नडात.
दगडाला घाई नाही.

वरच्या अकरा ओळी राजाच्या:
बिरुदं, हत्ती, शत्रूंच्या बायकांचं रडणं.
त्या भराभर लिहिते. असल्या ओळी
मलप्रभेच्या दोन्ही काठांना ढिगानं मिळतात.
बाराव्या ओळीत त्याची माणसं गावात शिरतात
काठी घेऊन.

काठीचं माप जोत्यावर कोरलंय,
दोन खाचा, मधे रेघ.
हाताने मोजलं: सहा हात, चार बोटं.
नदीपलीकडच्या गावची काठी याहून वीतभर आखूड,
म्हणजे तेवढीच जमीन तिकडं जास्त भरायची,
आणि सारासुद्धा.
माझे वडील मोजणी खात्यात होते.
म्हणायचे, लोखंडी साखळी दुपारच्या उन्हात लांबते,
आणि माणसं नेमकी दुपारीच भांडायला येतात.

मग चतुःसीमा.
दक्षिणेला जोडचिंच. पश्चिमेला गाय-वासराचा दगड.
पूर्वेला वारूळ.
वारूळ!
मुंग्यांच्या भरवशावर सोडलेली शीव.
आमच्या भागात शिवेपायी काय काय होऊन गेलंय
ते दोघांनाही ठाऊक.
फकीराप्पा खोकला. मी पान उलटलं.

एकोणिसावी ओळ: तेल्याचा घाणा एक.
विसावी: परटाची पड, कर नाही.
एकविसावी: एरेयव्वेची तांबडी जमीन, कम्म
आणि इथं बोट थांबलं.
‘ओंबत्तु’, नऊ. पण अक्षरं खोलगट जागेत बसलेली,
आजूबाजूचा दगड खरवडलेला,
आणि शाईचा बोळा फिरवल्यावर
काळ्यातून पांढरं वर आलं पुसट,
‘हन्नेरडु’.
आधी बारा लिहिले होते.

कोण बोललं असेल, आणि कुणाशी?
तीन कम्म ओढ्याने नेली म्हणून
ती स्वतः उभी राहिली असेल टाकीवाल्यापुढं,
का कुणी तीन गिळली आणि तिला नऊ ठेवली?
मी चौकोनी कंसात प्रश्नचिन्ह टाकते.
माझ्या कामात एवढंच करता येतं.

दरबाराला तिचं काय पडलेलं!
भात किती, तूर किती, आपला वाटा किती,
तेवढ्यासाठी माणसं उन्हात काठ्या टाकत फिरली.
त्या हावेच्या हिशोबात ती राहून गेली,
तिचा नवरा नाही, मुलं नाहीत, चेहरा नाही,
एक खोडलेला आकडा.
राजाचं नाव मी सांगत नाही.
ते दगडावर मोठ्या अक्षरात आहे.

कागद वाळेस्तोवर सावलीला बसलो.
शेळ्या घेऊन आलेली तुळसाक्का वाकून बघत म्हणाली,
“आमचं शेत हाय काय ओ त्यात?”
म्हटलं, कुठलं तुमचं?
“उप्पबावच्या वरलं.”
उप्पबाव का म्हणतात?
“कुणाला ठावं. पयल्यापासनं म्हणत्यात.”

मी फकीराप्पाकडं बघितलं,
त्यानं माझ्या वहीकडं.
चोविसावी ओळ. अर्ध्या तासापूर्वी लिहिलेली,
लक्ष न देता:
एरेयव्वेच्या जमिनीच्या खाली, खाऱ्या पाण्याची विहीर.
उप्पु म्हणजे मीठ,
हे त्यानं तिला मराठीत सांगितलं.

“खारटच हाय की!” तुळसाक्का हसली.
“शेळ्यास्नी आवडतं.”

मग तिच्या मागनं उतारावर गेलो,
हात काळे, शाई कोपरापर्यंत.
विहीर अरुंद, एका बाजूनं ढासळलेली, वर करंजाची सावली.
तिनं कळशी सोडली.
ओंजळीत घेतलं. शाई सुटून पाणी निळसर झालं.
तरी प्यायले.